फोंड्यात घडलेलं एक बाय बारा: गोव्यासाठी गिटार कॅबिनेट निवडताना

फोंडा तालुक्यात कपाटं आणि देव्हारे करणारा एक कारखाना मागणीनुसार गिटारची स्पीकर कॅबिनेटंही करून देतो. इथे पारखलं आहे ते त्यांचं एक बाय बारा, म्हणजे बारा इंची एक स्पीकर बसणारं कॅबिनेट. ते रिकामं मिळतं, स्पीकर आपण आणायचा. बाहेरून रुंदी ५१० मिमी, उंची ४६०, खोली २९०. सगळं १८ मिमी प्लायचं. मागची बाजू तीन तुकड्यांत आहे आणि मधला तुकडा काढता येतो. वरून काळं रेक्झिन, एक पट्ट्याचं हँडल, चार रबरी पाय, मागे जॅकची पत्र्याची पट्टी.

निकाल आधीच सांगून टाकू: खोका उत्तम, वायरिंग काढून टाकण्याजोगं, पुढचं कापड चुकीचं. शेवटच्या दोन गोष्टी एका दुपारी बदलता येतात. खोका वाईट असता तर काहीच करता आलं नसतं, म्हणून एकंदरीत शिफारस आहे, पण ऑर्डर देताना काही गोष्टी कागदावर लिहून द्याव्या लागतील.

प्लायपासून सुरुवात करू, कारण गोव्यात कॅबिनेट आवाजात नापास होण्याआधी पावसात नापास होतं. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि जुलैत हवेतला दमटपणा ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास. एमडीएफचं कॅबिनेट दुकानातल्या एसीत छान वाजतं. पण जिथे स्क्रू गेलेत आणि जिथे कापलेली कड उघडी आहे तिथून ते पाणी पितं, कडा फुगतात, स्क्रूची पकड जाते आणि मागची फळी खडखडायला लागते. चिपबोर्डची गत याहून वाईट. या कारखान्याने आयएस ७१० चा, म्हणजे मरीन दर्जाचा प्लाय वापरला आहे आणि शिक्का आतल्या बाजूने दिसतो. स्वस्तातला पर्याय म्हणून आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा प्लाय ते देऊ करतात. पैसे अगदीच कमी असतील तर बाजू त्या प्लायच्या चालतील, पण बॅफल, म्हणजे ज्या फळीवर स्पीकर बसतो ती, मरीनचीच घ्या. एमआर, म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणाऱ्या दर्जाला हात लावू नका, मग विक्रेता काहीही म्हणो.

शिक्क्यावर मात्र विसंबून राहू नये. कापलेल्या कडेकडे पाहा: थरांमध्ये पोकळी दिसली, किंवा आतले थर एकमेकांवर चढलेले दिसले, तर ती शीट कॅबिनेटची नव्हे. अशी पोकळी बॅफलमध्ये आली की एका ठरावीक सुरावर ती बारीक किरकिरते आणि दोष स्पीकरचा वाटतो. बोटाच्या पेराने फळीभर टकटक करून बघा, जिथे आवाज पोकळ आणि पातळ होतो तिथे आत हवा आहे. उरलेला एक तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात तीन-चार तास उकळा. आयएस ७१० च्या प्रमाणित चाचणीत नमुना ७२ तास उकळतात, त्यामुळे खऱ्या मरीनला एवढ्याने काहीच होत नाही. थर सुटले तर शिक्का खोटा. या कॅबिनेटचा तुकडा या परीक्षेत पास झाला.

परदेशी कॅबिनेटांत बर्च प्लायचं नाव फार घेतात आणि ते योग्यच आहे. १८ मिमीच्या बाल्टिक बर्चमध्ये १३ थर असतात, पोकळ्या जवळजवळ नसतात, फळी ताठ असते. आपल्याकडचा चांगला गर्जन प्लाय वजनाला थोडा जास्त भरतो आणि आवाजात किंचित बोथट वाटतो, पण हा फरक स्पीकर बदलल्याने पडणाऱ्या फरकाच्या पासंगालाही पुरत नाही. सागाचं कॅबिनेट करून घ्यायची हौस गोव्यात अनेकांना असते, कारण जुन्या घराचं लाकूड पडून असतं. बाजूंना वापरा, शोभून दिसेल. बॅफलला मात्र अख्खं लाकूड नको. ऋतूप्रमाणे ते आडवं फुगतं-आटतं आणि स्पीकरच्या चौकटीला पीळ बसतो.

आतून बाहेरून मापं तपासली. बॅफल पुढच्या कडेपासून २५ मिमी आत आहे, मागची फळीही खोबणीत आत बसते. म्हणजे आतली मोकळी जागा ४७४ बाय ४२४ बाय २२९ मिमी, साधारण ४६ लिटर, आणि स्पीकर व आतल्या पट्ट्या वजा जाता ४३. बंद पाठीच्या एक बाय बारासाठी हे माप मध्यम आहे. याहून लहान, समजा ३० लिटरचा खोका केला की आवाज नाकात बोलल्यासारखा होतो. बंद हवेची स्प्रिंग कडक होऊन स्पीकरचा अनुनाद वर सरकतो, खालचे सूर पातळ पडतात आणि त्यांच्या जरा वर एक फुगवटा येतो. खूप मोठा खोका केला तर खालचा भाग सैल आणि उशिरा आल्यासारखा वाटतो, शिवाय उचलणार कोण?

कारखान्याने हे माप का धरलं तेही कळण्यासारखं आहे. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून २९० मिमीच्या दोन लांब पट्ट्या काढल्या की उरलेल्या ६४० मिमीच्या भागात दोन बॅफल आणि दोन पाठी बसतात. एका शीटमध्ये दोन खोके निघतात, क्षेत्रफळ मोजलं तर तिसराही निघेलसं वाटतं, पण निघत नाही. याचा ग्राहकासाठी अर्थ असा की एकट्यासाठी ऑर्डर दिली तर अर्ध्या शीटचा माल वाया किंवा तुमच्या बिलात. बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याला बरोबर घेऊन जा आणि प्लाय, मजुरी, रेक्झिन, हार्डवेअर यांचं बिल वेगवेगळं मागा.

सांधे कोपऱ्यांना फिंगर जॉइंटचे, म्हणजे बोटांसारखे एकमेकांत गुंतणारे आहेत, मरीन फेविकॉलसारख्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने चिकटवलेले. आतून २० मिमीच्या चौकोनी पट्ट्या, त्याही चिकटवून आणि स्क्रूने. नुसत्या खिळ्यांवर उभे केलेले खोके बाजारात दिसतात, ते दोन पावसाळ्यांत बोलायला लागतात. रिकाम्या खोक्याचं वजन साधारण साडेतेरा किलो, सिरॅमिक मॅग्नेटचा मध्यम स्पीकर बसल्यावर सतराच्या घरात. एका हाताने गाडीपर्यंत नेता येतं. स्कूटरच्या पायदानावर ठेवून न्यायचा विचार मात्र सोडा.

या कॅबिनेटची खरी जमेची बाजू म्हणजे ती तीन तुकड्यांची पाठ. वरचा तुकडा ११० मिमीचा, मधला २००, खालचा ११४. मधला काढला की पाठ अर्धी उघडी, लावला की पूर्ण बंद. गोव्यात वाजवणाऱ्याला दोन्ही लागतात. उघड्या पाठीत स्पीकरच्या मागून निघालेली लाट पुढच्या लाटेच्या उलट कलेत असते, म्हणजे पुढची हवा ढकलते तेव्हा ही ओढते. ती खोक्याला वळसा घालून पुढे येते आणि खालचे सूर काही प्रमाणात खोडते. त्यामुळे खालचा भाग हलका पडतो, पण आवाज मागेपुढे दोन्हीकडे पसरतो आणि ड्रमवाल्यालाही ऐकू येतो. छोट्या रेस्टॉरंटात, शॅकमध्ये, जिथे गिटारला माइक लावत नाहीत, तिथे उघडी पाठच बरी. एवढंच की कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, किमान दीड-दोन फूट पुढे ओढा. मागची लाट भिंतीवर आपटून परत येते तेव्हा काही सूर गिळले जातात आणि काही उसळतात, आणि वाजवणारा बिचारा अ‍ॅम्पचे खुंटे पिळत बसतो.

बंद पाठीत खालचा भाग घट्ट आणि नेमका येतो, आवाज फक्त पुढे जातो. चवथीच्या मंडपातला कार्यक्रम, जत्रेतल्या नाटकाची साथ, तियात्राचा बँड, जिथे माइक लागणार आणि मागे इतर वाद्यांचे माइक उघडे असणार, तिथे मधला तुकडा लावा.

पण तो तुकडा बसवण्याची तऱ्हा कारखान्याने अर्धवट सोडली आहे. चार कोपऱ्यांना चार लाकडी स्क्रू, बस्स. दहा वेळा काढघाल केली की भोकं मोठी होतील. तिथे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा, आतून आटे असलेला धातूचा नट) ठोकून एम५ चे, म्हणजे ५ मिमीचे मशीन स्क्रू लावून घ्या, आणि चाराऐवजी सहा. तुकड्याच्या कडेला ३ मिमी जाडीची फोमची चिकटपट्टी लावलीच पाहिजे. ती नसल्यामुळे आमच्या हातात आलेला नग बंद पाठीने वाजवताना खालच्या ई तारेवर स्पष्ट फुरफुरत होता. पट्टी लावल्यावर आवाज गेला.

बॅफलचं भोक २८३ मिमी व्यासाचं आहे, सेलेस्टियन कंपनीच्या बारा इंची गिटार स्पीकरना हेच लागतं. बोल्टचं वर्तुळ २९७ मिमी. भोक राउटरने सफाईदार कापलंय आणि मागून बसवण्यासाठी टी-नट आधीच ठोकलेत. इथे कारखान्याला पैकीच्या पैकी गुण. फर्निचरवाले सुतार बहुधा स्पीकर सरळ प्लायमध्ये लाकडी स्क्रूने आवळतात. पहिल्यांदा पकड छान बसते, दुसऱ्यांदा स्पीकर बदलला की स्क्रू फिरतच राहतो.

स्पीकर बसवताना बोल्ट हाताने फिरवून चारही टेकवा, मग समोरासमोरच्या जोड्या थोड्या थोड्या आवळा. पॉवर ड्रिल लावू नका. बिट घसरून कागदाच्या कोनला भोक पडण्याचा धोका तर आहेच, पण एका बाजूने करकचून आवळलं तर पत्र्याची चौकट वाकते आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या फटीत एका बाजूला घासायला लागते. बसवून झाल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर ठेवून अलगद आत दाबा, कान जवळ नेऊन ऐका. खरखर ऐकू आली तर बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. स्पीकर मागून बसवताना त्याच्या पुढच्या कडेची गॅस्केट (फट बुजवणारी मऊ कडी) आहे ना तेही बघा. महिन्याभराने एकदा बोल्ट तपासायचे, गॅस्केट दबून ते ढिले होतात.

आता स्पीकर. या खोक्यात तीन लावून ऐकले, तिन्ही सेलेस्टियनचे: व्हिंटेज ३०, जी१२एम-६५ क्रीमबॅक आणि जी१२एम ग्रीनबॅक. अ‍ॅम्प २० वॅटचा ट्यूबचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा.

व्हिंटेज ३० हा १९८६ पासूनचा स्पीकर, ६० वॅट, संवेदनशीलता (एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज) १०० डेसिबल. नावातल्या ३० चा वॅटशी संबंध नाही, तरी लोक फसतात. वरच्या मिडमध्ये (मधल्या सुरांच्या वरच्या पट्ट्यात) याला एक ठसठशीत उंचवटा आहे, त्यामुळे दोन गिटार, कीबोर्ड आणि ट्रम्पेट यांच्या गर्दीतूनही सोलो वर येतो. याच उंचवट्यामुळे टाइलची फरशी आणि काचेच्या खिडक्या असलेल्या रेस्टॉरंटात तो टोचतो. या खोक्यात बंद पाठीने तो सगळ्यात चांगला वाटला, उघड्या पाठीने अंगावर आला.

जी१२एम-६५ क्रीमबॅक ६५ वॅट, ९७ डेसिबल. मिड भरीव, वरचा भाग गोल, क्लीन सूर मऊ. तीन डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तेवढा भरून काढायला अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लावावी लागते. आणि इथेच गोव्यातल्या वाजवणाऱ्याने उलटा विचार करावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत, आणि त्याआधीही हॉटेलवाला जेवणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवत आवाज कमी करायला सांगतोच. ट्यूब अ‍ॅम्प थोडा उघडल्याशिवाय गोड वाजत नाही. कमी संवेदनशील स्पीकर लावला तर तोच अ‍ॅम्प एक-दीड खुंटी जास्त उघडता येतो. मोठा आवाज देणारा स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर, ही समजूत मोठ्या मैदानावरची आहे, कळंगुटच्या बारा टेबलांच्या रेस्टॉरंटातली नाही. या कॅबिनेटसाठी आमची पहिली पसंती हाच.

ग्रीनबॅक २५ वॅटचा, ९८ डेसिबल, कागदासारखा कुरकुरीत आणि तिघांत सगळ्यात बोलका. पण एक बाय बारामध्ये तो एकटा २० वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पला पुरत नाही. ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडला की छापील आकड्याहून बराच जास्त देतो, आणि कॉइल जळण्याची सुरुवात तिथे होते. १० ते १२ वॅटच्या अ‍ॅम्पबरोबर लावा, नाहीतर दोन घेऊन दोन बाय बारा करा. साधा नियम असा धरावा की स्पीकरची क्षमता अ‍ॅम्पच्या छापील वॅटच्या निदान दीडपट, एकटाच असेल तर दुप्पट.

पाठदुखीवाल्यांसाठी निओडायमियम मॅग्नेटचे स्पीकर आहेत. निओ क्रीमबॅक दोन किलोच्या आतबाहेर भरतो, म्हणजे व्हिंटेज ३० च्या निम्म्याहून कमी. आवाज वाईट नाही, पण १८ मिमी मरीन प्लायच्या खोक्यात वजन आधीच खोक्याचंच जास्त आहे, मग स्पीकरवर वाचवलेले किलो कितीसे जाणवणार?

पुढचं कापड. कारखान्याने पडद्याचं जाड कापड लावलंय. दिसायला सुरेख, पण त्यातून फुंकर जात नाही. तोंडाजवळ धरून फुंका, पलीकडच्या तळव्याला हवा लागली पाहिजे, हीच परीक्षा. जाड कापड वरचे सूर गिळतं आणि मग माणूस अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवत राहतो. विरळ विणीचं ग्रिल क्लॉथ मागवून लावून घ्या. चौकटीवर ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा, नाहीतर रेषा वाकड्या होतात.

जाता जाता, बारा इंची कोन दीड-दोन हजार हर्ट्झच्या वर आवाज सरळ समोर फेकतो. वाजवणाऱ्याच्या पायाशी कॅबिनेट आणि कान पाच फुटांवर, त्यामुळे त्याला सूर दबका वाटतो, आणि समोरच्या टेबलावर बसलेल्याच्या कानात तीच गिटार सुईसारखी. कॅबिनेट मागे कलवा किंवा खुर्चीवर ठेवा. शॅकच्या वाळूवर तर ठेवूच नका, खाली फळी किंवा क्रेट घ्या. वाळूतले काळे कण लोहचुंबकाला चिकटतात आणि पाठ उघडी असेल तर ते चुंबकाच्या फटीपर्यंत पोचू शकतात. उघड्या पाठीच्या जागी आतून मच्छरदाणीच्या जाळीहून बारीक कापड ताणून लावलं की हा त्रास टळतो आणि आवाजाला काही होत नाही.

वायरिंगबद्दल मात्र कारखान्याला चार शब्द सुनवायलाच हवेत. बारीक बेल वायर, प्लास्टिकचा जॅक, आणि टोकं नुसती पिळून टेप लावलेली. स्पीकरला जाणारी वायर किमान १.५ चौरस मिमीची, बहुतारी तांब्याची हवी. घरातल्या वायरिंगसाठी मिळते ती चालते. जॅक धातूचा, पाव इंची मोनो, नट आतून दातेरी वॉशर घालून आवळलेला. डाग सोल्डरने द्या. स्पीकरच्या टोकाला दाबून बसणारे लग (वायरच्या टोकाचे पत्र्याचे चिमटे) वापरणार असाल तर चिमट्याने नीट दाबा, ओढून बघा. ढिला लग म्हणजे वाजता वाजता भार तुटणं, आणि ट्यूब अ‍ॅम्पला भार नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये विद्युतदाब प्रचंड वाढून तो जाऊ शकतो. दहा रुपयांच्या लगने अ‍ॅम्पचा सगळ्यात महाग भाग न्यावा, याला काय म्हणायचं.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं भय उलट असतं: भार नसला तर त्याला बहुधा काही होत नाही, पण ठरवलेल्यापेक्षा कमी ओहमचा भार दिला की तो तापतो. जॅकच्या पट्टीवर दुसरा जॅक समांतर जोडून घेण्याची सोय कारखाना विचारतो. घ्यायला हरकत नाही, पण त्यात दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट लावलं की एकूण ४ ओहम होतात, हे पट्टीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवा, कारण कार्यक्रमाच्या गडबडीत ते तिसराच कोणीतरी जोडतो. मल्टिमीटरने जॅकवर मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर साडेसहा-सात दाखवतो आणि १६ चा बारा-तेरा. तो दोष नाही, मीटर एकदिश (डीसी) रोध मोजतो. दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर जॅकच्या टोकाला धन आणि बाहीला (टोकामागच्या धातूच्या भागाला) ऋण असा लावा, कोन पुढे सरकला पाहिजे. एकट्या कॅबिनेटात उलटं असलं तरी फारसं बिघडत नाही, दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं की खालचे सूर गायब. आणि अ‍ॅम्प ते कॅबिनेट गिटारची केबल लावायची नाही, स्पीकरचीच, जाड तारेची.

रेक्झिनचं काम नीट आहे, कडांना बुडबुडे नाहीत. पण आतून प्लाय कोरा सोडला आहे. बाहेरून रेक्झिनने तोंड बंद आणि आतून लाकूड उघडं म्हणजे ओल आत जाते पण सुटायला तिला एकच वाट उरते, आणि ऑगस्टपर्यंत आत पांढरी बुरशी दिसते. ऑर्डरमध्ये लिहा: आतून सँडिंग सीलर किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन लेपाचे) दोन हात, कापलेल्या कडांना आणि स्पीकरच्या भोकाच्या आतल्या गोलाईला तीन. आतून काळा रंग दिला तर उघड्या पाठीतून दिसायलाही बरं. स्क्रू स्टेनलेसचे मागा. साधे झिंकचे दिले आहेत, म्हापशापलीकडे किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ते एका वर्षात तांबडे होतात. कोपऱ्यांना प्लास्टिकच्या टोप्या पुरेत.

तयार झाल्यावर खोका किरकिरतो का, हे तपासायची सोपी रीत आहे. फोनवर टोन काढणारं अ‍ॅप घ्या, अ‍ॅम्पला जोडून मध्यम आवाजात ७० पासून ४०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा. गिटारची खालची ई ८२.४ हर्ट्झला आहे आणि या तिन्ही स्पीकरचा अनुनाद ७५ च्या आसपास, म्हणून जी काही खडखड आहे ती बहुधा ८० ते २५० मध्ये सापडते. सापडली की तिथेच थांबा आणि एकेक भाग हाताने दाबा: मागचा तुकडा, ग्रिलची चौकट, हँडलचे डोके, जॅकचा नट. जो दाबल्यावर आवाज थांबतो तो गुन्हेगार. या नगात मागच्या तुकड्याखेरीज हँडलच्या आतला पत्रा वाजत होता, खाली फेल्टचा तुकडा सरकवल्यावर गप्प.

तयार कॅबिनेटांशी तुलना करायची तर ऑरेंजचं पीपीसी११२ डोळ्यांसमोर येतं: व्हिंटेज ३०, १६ ओहम, बर्च प्लाय, बंद पाठ. घट्टपणात ते या फोंड्याच्या खोक्यापुढे आहे. पण त्याची पाठ उघडता येत नाही. मार्शलचं एमएक्स११२ सेलेस्टियन सेव्हंटी ८० घेऊन येतं, ८० वॅट, १६ ओहम, आणि पहिलं कॅबिनेट म्हणून बरं आहे. दोन्ही घेताना आपल्या अ‍ॅम्पला १६ ओहमचा जॅक आहे ना ते आधी बघा. छोट्या अ‍ॅम्पांना कित्येकदा फक्त ८ चाच असतो. करून घेतलेल्या खोक्यात हा प्रश्नच येत नाही, ओहम तुम्ही निवडता.

पावसाळ्यात ठेवण्याबद्दल. चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, ती पावसात घामेजते. वीतभर पुढे, जमिनीपासून उंच, लाकडी पाटावर ठेवा. सिलिका जेल आत टाकून वरून उघडंच ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते जेल मग अख्ख्या खोलीची हवा वाळवायला निघतं. कॅबिनेटला जाड प्लास्टिकची खोळ शिवून घ्या आणि तिच्या आत पाव किलो जेल कापडी पिशवीत ठेवा, रंग बदलला की भट्टीत किंवा मंद आचेवर भाजून परत. कोनवर बुरशी आलीच तर कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. आणि सगळ्यात सोपा उपाय: आठवड्यातून दोनदा तासभर वाजवा. कॉइल तापते, आतली हवा हलते.

त्याच कारखान्याचं दोन बाय बारा मात्र आत्ता घेऊ नका. रुंदी ७०० मिमीच्या पुढे गेली तरी बॅफल आणि पाठ यांच्यामध्ये आधाराची उभी पट्टी घालत नाहीत, आणि एवढी मोठी फळी बंद पाठीत मधोमध थरथरते. हवंच असेल तर दोन स्पीकरच्या भोकांमधल्या जागेत बॅफलपासून पाठीपर्यंत ४० बाय ४० मिमीची लाकडी पट्टी चिकटवून आणि दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून मागा, स्पीकर १६ ओहमचे दोन घेऊन समांतर जोडा म्हणजे एकूण ८ होतील, आणि हँडल वर एक न घेता दोन बाजूंना दोन घ्या.